आधी माणसाची माफी

आमच्या इस्लामपूरचे पिंजारीचाचा गादी भरून झाली की शड्डू ठोकायचे; जुनी पैलवानकी अंगातून जात नव्हती. साठीनंतर मात्र रोज नमाज संपली की हात पसरून आयुष्यभराच्या गुन्ह्यांची माफी मागत बसायचे.

एका शुक्रवारी ते मशिदीतून थेट माझ्या दुकानात आले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “गड्या, कुंडलच्या मैदानात तुझ्या डोळ्यात मुद्दाम माती घातली मी. आदी तू माफ कर, मग अल्ला करंल.”

ती कुस्ती हरल्यापासून तीस वर्षं मी गावभर हेच ओरडत होतो!

“केलं माफ. पण चाचा, त्याच कुस्तीत तुमचा कान मी चावला होता.”

“ठावं हाय की! ते कवाच माफ केलंय.”

आता मी चाचांकडे बोट दाखवून ऐटीत सांगतो, मला चीत करणारा पैलवान तो हाच!