चार तोंडांचे यंत्र आणि आमचे भाजे

बियाणे साफ करण्याच्या यंत्राला चार तोंडे असतात. वरच्या तोंडात भात ओतायचे. मग एका तोंडातून फोल आणि काडीकचरा उडतो, दुसऱ्यातून खडे, ढेकळे आणि तुटके दाणे पडतात आणि तिसऱ्यातून टपोरे, एकसारखे बियाणे येते. किस्से बाहेर पडण्यासाठी मात्र त्याला तोंडच नाही, त्यामुळे ते शेडमध्येच साचत राहतात. एका हंगामात आमच्याकडे इतके साचले, की आता पोती ठेवायला जागा उरलेली नाही!

शेड आमच्या भाज्यात, मळवली स्टेशनाकडून लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. यंत्र महिला बचत गटाला एका योजनेतून मिळाले, पण एका हंगामाच्या बोलीवर. हंगाम संपताना योजनेचे साहेब येऊन पाहणी करणार. गावाला यंत्राची गरज आहे अशी त्यांची खात्री पटली तर ते इथे राहणार, नाहीतर औंढे गावाला जाणार.

यंत्र लता चालवते. लोणावळ्याच्या ज्या कारखान्यात ती बारा वर्षे कामाला होती तो बंद पडला आणि तेव्हापासून तिचे घर या यंत्रावर चालते. त्यामुळे शेडमध्ये काही विपरीत घडले, की तिचे पहिले वाक्य ठरलेले: "माई, हे सायबाला कळलं तर गेलं यंत्र औंढ्याला!"

माई म्हणजे मी. जुनी मॅट्रिक असल्यामुळे गटाचे अध्यक्षपद माझ्याकडे आले, असे गावात सांगतात. खरे कारण असे, की यंत्राचे माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी दुसरी कोणी मिळाली नाही.

* * *

यंत्राच्या पूजेला गुरुजी आले. नारळ फुटला, पत्र्याला कुंकू लागले. गुरुजींनी मंत्र म्हणत ओंजळभर अक्षता वरच्या तोंडात सोडल्या आणि लताने बटण दाबले. बियाण्याच्या तोंडाखाली मी तबक धरून उभी होते. यंत्र थरथरले, गरगरले, पण तबकात एक दाणा पडेना!

लताने वाकून पाहिले. अक्षता खड्यांच्या तोंडातून बाहेर येत होत्या.

"यंत्र नास्तिक दिसतंय," गुरुजी म्हणाले.

मी चष्मा लावून चिमूटभर अक्षता तळहातावर घेतल्या. अक्षतांचा तांदूळ अखंड असावा लागतो. ही तर निव्वळ कणी होती! यंत्राने माहितीपुस्तकातल्या सूचनेबरहुकूम तुकडा बाजूला काढला होता. त्याचे काहीही चुकले नव्हते.

आमच्या गटातल्या हिराबाईंनी कमरेवर हात ठेवले. "गुरुजी, माझ्या पोराच्या लग्नातबी हीच कणी टाकलीवती का?"

"छे, छे!" गुरुजी पंचा सावरत म्हणाले. "तेव्हा तांदूळ स्वस्त होता."

* * *

शनिवार-रविवारी लेण्यांकडे पर्यटकांची रीघ असते. रांग दिसली, की तिच्या शेवटी उभे राहायचे, हा पर्यटकांचा धर्मच आहे. आमच्या शेडपुढे पोत्यांची रांग होती. मुंबईचे एक कुटुंब, उन्हाच्या टोप्या घालून, तिच्यात पाऊण तास निमूट उभे राहिले. नंबर आल्यावर त्यातल्या गृहस्थांनी पाकीट काढले.

"टिकट कितने का?"

"टिकीट न्हाई, पोतं लागतं," लता म्हणाली.

गृहस्थ गोंधळले, पण मागे हटले नाहीत. त्यांनी यंत्राला प्रदक्षिणा घातली, चारही तोंडांत डोकावून पाहिले, मुलांना पुढे उभे करून फोटो काढला आणि आदराने विचारले, "ये कितना पुराना होगा?"

लताच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत भुसकट होते. तिने पदराने तोंड पुसले.

"लेणी वर हाईत, भाऊ. हितं अजून काम चालू हाय."

* * *

धोंडूआबांचे वय ऐंशीच्या घरात आहे. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात शिवी. यंत्राचा त्यांना प्रथमपासून राग! त्यांच्या वडिलांनी मिठाच्या पाण्यात बी बुडवले, आबांनीही आयुष्यभर तेच केले. चांगले बी तळाशी बसते, पोचट वर येते. त्यासाठी एवढा पत्रा कशाला?

एक दिवस ते बादली, मिठाची पिशवी आणि एक बटाटा घेऊन शेडमध्ये हजर झाले. बटाटा तरंगू लागला, की पाण्यात मीठ पुरेसे झाले असे समजायचे.

"लते, तुझ्या यंत्राचं एक जरी बी वर आलं, तर मी सोता सायबाला सांगनार."

लताचा चेहरा उतरला. बटाटा तरंगला. आबांनी यंत्रातले पसाभर बियाणे पाण्यात सोडले. सगळे तळाशी! एकही दाणा वर येईना. आबांनी आणखी मीठ टाकले. दाणे हलेनात. आणखी टाकले. अखेरीस अख्खी पिशवी उपडी केली, काठीने ढवळले, आणि सगळे बियाणे एकदम वर आले!

"बघितलंस?" आबा विजयाने ओरडले.

"आबा, एवढ्या मिठात आपले सरपंचबी तरंगतील!" लता म्हणाली.

आबांनी काठी बादलीतून बाहेर काढली. "त्यांना मीठ कशाला लागतंय? ते कुठल्याबी पान्यात तरंगत्यात."

आणि मग मुकाट्याने स्वतःची चार पोती घेऊन रांगेत उभे राहिले.

* * *

त्या चार पोत्यांचीही हकिगत आहे. आबांचा नंबर आला, तेव्हा खालची चाळणी जागेवर नव्हती. चाळणी म्हणजे टेबलाएवढा भोकांचा पत्रा. तो हरवणे सोपे नाही. लता रडकुंडीला आली. शोध घेता घेता चाळणी नदीत सापडली. लताचे यजमान ती दोन्ही हातांनी धरून गुडघाभर पाण्यात उभे होते आणि चाळणीवर मासे उड्या मारत होते.

"भोकं लय बेस हाईत," एवढाच त्यांनी खुलासा केला. "बारकं खाली जातं, मोठं वर राहतं."

माहितीपुस्तकातही नेमके हेच लिहिलेले आहे.

चाळणी धुतली, वाळवली, बसवली. आबांचे बियाणे झाले. आबांनी मूठभर उचलून नाकाशी नेले आणि मूठ तशीच लांब धरली.

"माझ्या गळ्यात माळ हाय, आन् ह्याला मासळीचा वास!"

"आबा, फायदाच हाय," लता म्हणाली. "आखाडात रोप बुडालं, तर पोहत वर येईल."

* * *

आणि अखेर साहेब पाहणीला आले.

तीन दिवस आधी मी घरोघरी निरोप दिला होता: प्रत्येकीने आपल्या घरचे एक पोते भात आणावे, साहेबांसमोर ते साफ करून दाखवायचे आहे. सांगितल्या वेळी दहा बायका ठेवणीतली पातळे नेसून दहा पोत्यांसह हजर झाल्या. लताने देवाला हात जोडले आणि बटण दाबले.

पहिले पोते ओतले. कचऱ्याच्या तोंडातून काही आले नाही. खड्यांच्या तोंडातून काही आले नाही. जेवढे भात वरून घातले, तेवढेच बियाण्याच्या तोंडातून खाली आले. दुसरे पोते, तिसरे पोते; तीच गत!

साहेब वाकून तिन्ही तोंडे न्याहाळू लागले. "यंत्र बिघडलंय का?"

लताचा चेहरा पांढरा पडला. मी हिराबाईंकडे वळले. "हिराबाई, हे भात तुम्ही घरून पाखडून आणलेत?"

"मग काय तर! परक्या मानसापुढं घाण भात ओतायचं? लोक म्हनतील, हिच्या घरात सूप न्हाई का!"

दहाही जणींनी तीन दिवस खपून भात पाखडले होते, निवडले होते. एकीने तर धुऊन वाळवले होते!

"मग या गावाला यंत्राची गरजच नाही," असे म्हणून साहेबांनी पेनाचे टोपण काढले. "औंढ्याला कळवतो."

"साहेब, दहा मिन्टं थांबा!" लता बायकांपुढे आली. "अगं, कुनाच्या तरी घरात बिनपाखडलेलं भात असंल की!"

भाज्यात त्या दिवशी एकाही घरात घाणेरडे भात नव्हते.

"आमच्याकडं हाय एक पोतं," हिराबाई शेवटी म्हणाल्या. "पर ते आमचं न्हवं. सुनेच्या म्हायेरचं हाय."

सून मागेच उभी होती. "आई, माझ्या म्हायेरचं दिवाळीतच संपलं. ते पोतं तुमच्या लेकीनं धाडलंय."

"लेकीनं?" हिराबाईंनी पदर खांद्यावर ओढला. "मग ते स्वच्छच हाय."

प्रत्येकीला शेजारणीचे भात घाण असल्याचे ठाऊक होते. शेजारीण मात्र दर वेळी तिथेच उभी! दहा मिनिटे संपली. लताने बटणावरचा हात काढला आणि ती पोत्यावर बसली. बारा वर्षांच्या कारखान्याचे दार बंद झाले, त्या दिवशीही ती अशीच बसली असेल.

साहेबांनी तिच्याकडे पाहिले, मग कागदाकडे पाहिले आणि घसा खाकरला.

"माझ्या जीपमध्ये एक पोतं आहे," ते अगदी हळू म्हणाले. "सासुरवाडीचं."

पोते आले, ओतले गेले. यंत्राला कंठ फुटला! एका तोंडातून फोल, पेंढा आणि सुतळीचे गुंते उडाले. दुसऱ्या तोंडातून खडे असे कोसळले, जशा पत्र्यावर गारा पडाव्यात. बघता बघता दोन घमेली भरली. दहाही बायकांनी तोंडाला पदर लावले होते आणि प्रत्येकीच्या डोळ्यांत परम समाधान होते.

"साहेब, तुमच्या सासूबाईंना एक सूप धाडू का?" हिराबाईंनी विचारले.

'यंत्राची येथे नितांत आवश्यकता आहे', असे साहेबांनी ठळक अक्षरांत लिहिले, सही केली आणि कागद माझ्या हाती दिला. लताचे डोळे भरून आले. तिने साफ झालेले बियाणे त्यांच्या पोत्यात भरले आणि खड्यांचे घमेले उचलून ती फेकायला निघाली.

साहेब घाईघाईने तिच्या आडवे गेले.

"ते परत पोत्यात भरा, ताई. बायकोच्या माहेरचं आहे. त्यातलं काही कमी झालेलं आमच्याकडे चालत नाही."