आमच्या समुद्राची ओहोटी

लोणावळ्याला समुद्र आहे, असं मी मुंबईच्या एका पाहुण्याला तोंडावर सांगितलं, तेव्हा त्याच्या हातातला चहा बशीतून कोटावर गेला. उन्हाळ्यात हवा खायला येणारी ही मंडळी स्टेशनासमोरच्या गुडदाणीच्या, म्हणजे चिक्कीच्या, दुकानापाशी उभी राहून आमच्या गावाला नावं ठेवायची आणि जाताना त्याच गावची दोन-दोन शेर गुडदाणी बांधून न्यायची. हा पाहुणा म्हणाला होता, "सगळं आहे हो तुमच्याकडे, पण समुद्र नाही!" म्हणजे आम्ही तो विकून खाल्ला होता, असा त्याचा सूर.

मी तेव्हा रेल्वेच्या पार्सल हापिसात होतो. दिवसभर आंब्याच्या करंड्या आणि लोकांच्या वळकट्या हाताळून माणसाची जीभ सैल सुटते. मी म्हटलं, "आमचा समुद्र घाटमाथ्यावर आहे, म्हणून तुम्हाला खालून दिसत नाही. त्याला वर्षातून एकदाच भरती येते, आषाढात; आणि एकदाच ओहोटी, वैशाखात. तुमच्या समुद्रासारखा तो दिवसातून चार वेळा मन बदलत नाही. त्यातल्या एका मरळ माशाच्या पाठीवर मी स्वतः गवत उगवलेलं पाहिलंय. एक म्हैस ते चरत होती."

"आणि किनारा? किती लांब?"

"सत्तावीस मैल," मी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं.

"मोजलाय कुणी?" हा प्रश्न पाहुण्याचा नव्हता. तो आमच्या गुरुजींचा होता. मराठी शाळेतले हे गुरुजी माझे शेजारी. जन्मात खोटं बोलले नव्हते. कुणी सहज "काय गुरुजी, बरं आहे ना?" म्हटलं, तरी दाढेपासून सुरुवात करून टाचेच्या भेगांपर्यंत सगळं खरंखरं सांगायचे. लोक त्यांना टाळायचे ते त्यामुळेच. मला मात्र लोक शोधत यायचे. हा जगाचा न्याय आहे, मी काय करू?

समुद्र म्हणजे अर्थातच आमचं धरण. विजेसाठी बांध घालून वीस-बावीस वर्षं झाली होती. पाणी आमचं, गावं आमची बुडाली, आणि गिरण्या फिरायच्या मुंबईच्या. गुरुजींनी तिथल्या तिथे ठरवलं, की दर रविवारी एक तुकडा चालायचा, जिथे थांबू तिथे खूण करायची आणि पुढच्या रविवारी तिथूनच निघायचं. किनारा एक पाऊलभरही सोडायचा नाही. माझे सत्तावीस मैल खोटे पाडायला हा माणूस सत्तावीस मैल चालायला तयार होता!

तेवढ्यात दुकानात दूध घालायला आलेल्या आबांनी कासंडी खाली ठेवली. "मी बी येनार."

आबा धरणावरच्या वाडीतले. साठी उलटलेली, तोंडात तीन दात, पण त्या तिन्हींनी ऊस सोलायचे. त्यांचं दुखणं सगळ्या बाजारपेठेला ठाऊक होतं. त्यांचं जुनं गाव पाण्याखाली. त्या गावात गावदेवी होती, आणि जत्रेचा पहिला नारळ देवीच्या डोळ्यांसमोर जे दार येईल त्या घरचा, असा रिवाज. ते घर आबांच्या आज्याचं. गाव उठलं, देवी वर राईत नेऊन बसवली, आजा गेला, वाटणी झाली. बुडालेल्या घराचीसुद्धा वाटणी झाली, ती फक्त आमच्या मावळातच होऊ जाणे! घराला दोन दारं होती. डावं आबांच्या वाट्याला, उजवं त्यांच्या चुलतभावाच्या. आता देवीच्या डोळ्यांसमोर नेमकं कुठलं दार? दर जत्रेला ह्यावरून हमरीतुमरी व्हायची, आणि शेवटी नारळ पुजारी फोडायचा. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नसत. अगदीच अडलं तर म्हशीला सांगायचे. "म्हशे, सांग त्याला, बांध कोरू नगं." आणि म्हैस बिचारी दोन्हीकडचं ऐकून घ्यायची.

"ह्या साली पानी लय खाली चाललंय," आबा म्हणाले. "बांधाचं कायतरी काम हाय म्हनं. जुनं गाव उघडं पडंल. जत्रंच्या आत मला तितं जायाचंय."

"मग वाडीवरून सरळ उतरा की," मी म्हटलं. "अर्ध्या तासाची वाट."

"आन् एकटा गेलो तर म्हंतील, थेरडा उंबरा सरकवून आला. मला साक्षीदार पायजेत. शिकल्याले." त्यांनी गुरुजींकडे आदराने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, पण तो आदर पुढे चालू राहिला नाही.

"तुमचा भाऊ का नाही जाऊन बघत?"

"त्याची खात्री हाय."

"आणि तुमची?"

"माजीबी हाय. म्हनून तर दोघंबी गेलो न्हाई."

पहिल्या रविवारी बांधापासून निघालो. गुरुजींचा बेत असा, की शंभर पावलं झाली की कोटाच्या डाव्या खिशातला एक खडा उजव्यात टाकायचा. दुपारपर्यंत दोन्ही खिसे इतके लोंबले, की लांबून गुरुजी लादलेल्या गाढवासारखे दिसत होते. संध्याकाळी पाण्याला लागून असलेल्या खडकावर त्यांनी चुन्याने फुली मारली.

दुसऱ्या रविवारी येऊन बघतो, तर फुली दोन पुरुष वर! पाणी आठवड्यात खाली सरकलं होतं.

गुरुजी खडकाखाली उभे राहून घामाघूम झाले. "आता किनारा कोणता धरायचा? गेल्या रविवारचा, की आजचा?"

"गेल्या रविवारचा गेला," मी म्हटलं. "तो आता डोंगर झाला."

"म्हणजे गेल्या रविवारी आपण चाललो ते...?"

"डोंगरावर चाललो."

"मग तो तुकडा पुन्हा चालायला हवा!"

आबांनी कपाळावर हात मारला. "गुरजी, तुमी मागलं चालून येस्तवर ह्येबी खाली जाईल. मंग फुडल्या जत्रंला पोचू."

अर्धा तास वाद घालून असं ठरलं, की पाणी ज्या दिवशी जिथे असेल तिथला तो किनारा. गुरुजींनी हे वहीत लिहिलं आणि खाली तारीख-वारासकट सही केली.

आमच्या समुद्राचा किनारा म्हणजे पसरलेल्या पंजासारखा. प्रत्येक ओहळाच्या तोंडाशी पाणी बोटासारखं डोंगरात घुसलेलं. ह्या काठावरून तंबाखूची चंची फेकली तर त्या काठावरच्या माणसाने झेलावी, पण वळसा घालून जायला दोन तास. आबा धोतर वर खोचून कमरेएवढ्या पाण्यातून सरळ पलीकडे जायचे आणि आम्ही वळसा घालून पोचेपर्यंत करवंदीच्या जाळीखाली एक झोप काढून उठायचे. वर विचारायचे, "आलात? मला वाटलं, घरला गेलात." त्या जाळ्यांतली करवंदं आम्ही भाकरीबरोबर खाल्ली, झुणक्याबरोबर खाल्ली, आणि एकदा भाकरी मुंग्यांनी नेली तेव्हा नुसतीच खाल्ली. मुंग्यांनी नेली म्हणजे अख्खी नेली. पाठीवर घेऊन डोंगर चढताना मी बघितली.

तिसऱ्या रविवारी माझ्या हातून एक पाप घडलं. गुरुजी पाणी प्यायला ओणवे झाले की मी त्यांच्या डाव्या खिशातले चार-दोन खडे उजव्या खिशात टाकायचो. मोजणी सत्तावीस मैलांच्या दिशेनं जावी, एवढीच माझी इच्छा. त्या संध्याकाळी हिशेब करताना गुरुजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आम्ही त्या एका दिवसात पुण्याच्या अलीकडे पोचलो होतो.

"खडे खोटं बोलत नाहीत," ते पुटपुटले. आबांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी मला बघितलं होतं.

जत्रा आली मंगळवारी. तिच्या आदल्या रविवारी, पाचव्या दिवसाच्या चालीला, आम्ही शेवटचा वळसा घेतला आणि जुनं गाव समोर आलं. पाणी मागे हटून चांगलं दोनशे पावलांवर गेलं होतं. मधे करडा चिखल, वरून भाकरीसारखा तडकलेला, आत लोण्यासारखा मऊ. त्यातून घरांची दगडी जोती वर आली होती. एक रांजण अर्धा गाडलेला. एका झाडाचा बुंधा.  आबांनी पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या.

आणि नेमका इथे गुरुजींचा बूट चिखलाने गिळला. नवा, तुळशीच्या लग्नाला घेतलेला. ते गुडघ्यावर बसून कोपरापर्यंत हात घालून शोधू लागले. "तुम्ही चला, मी आलोच. उंबरा सरकत तर नाही ना?"

"गुरजी, तुमीच तर साक्षीदार!" आबा कळवळले.

"एका पायाची साक्ष कशी होईल? आलोच!"

ते आले नाहीत. आम्ही दोघं पुढे गेलो. देवीचा चौथरा शाबूत होता. देवी जिथे बसायची ती दगडातली खोबण चिखलाने भरली होती. आबांनी ती बोटांनी साफ केली, जशी बाई परात पुसते तशी. समोर आज्याचं जोतं आणि दोन उंबरे. डाव्या दाराआत जमिनीत उखळ होतं. "ह्ये माज्या आयचं," आबा म्हणाले. म्हणजे डावं दार त्यांचं, ह्यात शंका उरली नाही.

त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं. खोबणीच्या बरोबर मध्यावर एक टोक मी धरलं. दुसरं टोक धरून आबा सरळ चालत गेले. मुंडासं संपलं तिथे त्यांनी काठी रोवली, पुन्हा तिथून धरलं, पुन्हा काठी. तीन वेळा. मी एक डोळा मिटून नेम धरत होतो. चौथ्यांदा मुंडाशाचं टोक उंबऱ्याला टेकलं.

उजव्या उंबऱ्याला. अगदी मध्यभागी.

आबांनी ते पुन्हा लावून पाहिलं. मग एकदा थोडं डावीकडे ओढून पाहिलं.  माझ्या आयुष्यात एवढा वेळ मी कधी गप्प राहिलो नव्हतो. ते उजव्या उंबऱ्यावर बसले आणि मुंडासं मांडीवर घेऊन त्याचा चिखल झटकत राहिले.

"बाबू, समद्या वाडीला सांगून आलोय. मंगळवारी समदी इचारनार."

"मग चिखल होता, काही दिसलं नाही म्हणा."

"देवीच्या म्होरं माज्या तोंडून खोटं निघायचं न्हाई." त्यांनी मुंडासं पुन्हा झटकलं. "आन् त्याचं दार हाय, ह्ये खरंबी निघायचं न्हाई. वीस वरसं भांडलोय मी. तू बोल."

"काय बोलू?"

"म्हनावं, आबाचंच दार समूर हाय. छाती ठोकून."

"अहो आबा, पण मी बोललो तर लोक..."

त्यांनी वर पाहिलं. तिन्ही दात बाहेर आले. मग मला उमगलं, आणि मी त्या चिखलात उभ्याउभ्या त्यांना नमस्कार केला.

मागून गुरुजी एका हातात बूट उंच धरून ओरडत आले, "सापडला! काय दिसलं?"

"चिखल," आबा म्हणाले.

सोमवारी वळवाने असं झोडपलं, की त्या दलदलीत कुत्रंसुद्धा पाय घालेना; गुरुजींची मोजणीही तिथेच बुडाली. मंगळवारी राईत सगळी वाडी जमली. पुजाऱ्याने आधी गुरुजींना विचारलं. गुरुजींनी घसा साफ करून सांगितलं, "मी बूट काढत होतो. मी काहीही पाहिलेलं नाही." लोकांनी निराशेने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो, छाती ठोकली आणि म्हणालो, "मी पाहिलं! ह्या डोळ्यांनी! देवीच्या समोर आबांचंच दार. सूर्यासारखं स्वच्छ!"

 मग मागून एक म्हातारी मावशी ओरडली, "कंचा ह्यो? माशाच्या पाटीवर गवात बघितल्याला?"

"त्योच गं!"

"मंग झालं की! ह्यो म्हंतो आबाचं, म्हंजी आबाचं न्हाईच!"

राई हसण्याने दणाणली. कुणीतरी नारळ चुलतभावाच्या हातात दिला. आबा मान खाली घालून उभे होते. लोकांना वाटलं, दुःखाने. मी जवळ होतो, त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते. चुलतभावाने वीस वर्षांनी पहिला नारळ आपटला, तो तिसऱ्या दणक्याला फुटला.

दुपारी जेवणं चालू असताना त्याने मला बैलगाड्यांच्या मागे ओढलं. घामाने निथळत होता.

"पार्सलबाबू, हितं कुनी न्हाई. खरं काय ते सांग. कुनाचं दार?"

मला दया आली. मी खरं सांगितलं. मुंडासं, काठी, उंबरा, सगळं. "देवीशपथ, तुमचंच. बरोबर मध्यभागी."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजी आबाचंच व्हतं," तो म्हणाला. "मला गोड वाटावं म्हनून बोलतोस. लबाडा!" आणि कपाळ धरून खाली बसला. मी जितक्या शपथा घेतल्या, तितकी त्याची खात्री पटत गेली. शेवटी मी गप्प बसलो, म्हणजे मग तर पक्कंच.

वर्षभर त्याच्या घशाखाली घास उतरला नाही, असं त्याची बायको सांगे. तरी तो वजनाने वाढलाच. पुढच्या जत्रेला सकाळी त्याने पहिला नारळ हळदकुंकू लावून आबांच्या दारात आणून ठेवला. म्हैस मधे नव्हती. थेट म्हणाला, "आबा, ह्यो तुजा. घे, आन् मला मोकळं कर."

आबांनी नारळाकडे पाहिलं. भावाकडे पाहिलं. मग ओसरीवर दूध पीत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, फार वेळ.

"दोघं मिळून फोडू," ते म्हणाले. "माजा हात हल्ली कापतो."

हात काही कापत नव्हता. पण मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी काय उपयोग?