इंजिनातली ‘यादी’

ते प्रकरण आठवलं की आजही मला एकट्याला हसू फुटतं, आणि बायको विचारते, “आता काय झालं?” पोलिसाच्या नोकरीत हसवणारे गुन्हे थोडेच. निवृत्तीच्या थोडं आधी मी महागाव तालुक्यात ठाणेदार होतो, तेव्हाची ही गोष्ट.

सकाळची हजेरी आटोपत होती. फोनवर बसलेला हवालदार धावत आला. “साहेब, खबर हाय. एका गॅरेजात मॅप चोरून विकून राह्यले.”

“कशाचा मॅप?”

“नकाशाच असन नं साहेब, जमिनीचा. भूमी अभिलेखवाल्यांना कळवू का?”

त्याला वेळेवर आवरलं म्हणून बरं. दुपारी फिर्यादी स्वतःच हजर झाला. यवतमाळचा माणूस, पिकअप गाड्यांची इंजिनं ‘ट्यून’ करून देणारा. फोनही यानेच करवला होता. त्याने समजावलं ते असं : आताच्या गाड्यांत इंजिनाला एक छोटा संगणक असतो. डिझेल किती आणि कधी सोडायचं याचे आकडे त्यात असतात. त्या आकड्यांच्या तक्त्याला हे लोक मॅप म्हणतात. आकडे बदलले की भरलेली गाडी घाटात दमत नाही. “माझी फाईल इकडच्या एका पोरीने चोरली. कॉपीराइटचा गुन्हा लावा आणि आजच अटक करा.”

असा गुन्हा माझ्या ठाण्यात पहिलाच. सरकारी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, प्रोग्राम कसा चालतो हे शिकायला तो तपासून पाहणं कायद्याला चालतं, दुसऱ्याचं जसंच्या तसं उचलणं चालत नाही. गाडीच्या कंपनीचा मूळ प्रोग्राम बदलावा का, हा प्रश्न वेगळा, तो कोर्टाचा. मला एवढंच शोधायचं होतं, की बदललेले आकडे कोणाचे.

पोरगी जवळच्या बंजारा तांड्यावरची, डिप्लोमा झालेली आणि अस्सल तोंडाळ. पंचांसमक्ष लॅपटॉप जप्त केला, गॅरेजला सील लावलं. कापसाचे दिवस, दारात पिकअप उभ्या. ठाण्यात आली तीच भांडत.

“साहेब, मी चोरी कायले करू? इंजिनाच्या संगणकाचा डबा उघडला, वाचला, शिकली. पह्यल्यांदा डिझेल इतकं सोडलं का घाटात नुसता काळा धूर! मामाची गाडी बंद पाडली, मामी अजून बोलत नाही.” मग आवाज एकदम खाली आला. “तुम्ही अटक केली नं, तर पुन्हा गॅरेजात पाय नाही ठेवू देनार मले घरचे. आधीच म्हंतेत, पोरीचं काम नाही हे.”

ती खोटं बोलत नसावी असं वाटलं, पण वाटण्यावर पंचनामा होत नाही. सायबरच्या शिपायाने दोघांच्या फाईली शेजारी शेजारी उघडल्या. आकडे सारखे. फाईलच्या शेवटी, जिथे इंजिन काही वाचतच नाही, अशा रिकाम्या जागी दोन्हीकडे इंग्रजीत चार अक्षरं : YADI.

पोरीला बाहेर बसवून फिर्यादीला विचारलं, हे काय? गडी न अडखळता म्हणाला, “यादी, साहेब. आकड्यांची यादी. मीच लिहिलं.”

“मग यादी कुठे आहे? पुढे तर सगळं रिकामं.”

“म्हणजे… यादी वर आहे. खाली नाव टाकलं.”

तेवढ्यात बाहेर गलका झाला. लुगड्याचा पदर खोचून एक बाई पहाऱ्याच्या शिपायावर तुटून पडली होती. “माह्या पोरीले काहून बसवून ठेवलं रे?” आणि बाकावरून पोरगी ओरडली, “याडी! तू कायले आली?”

मी खुर्चीतून उठलोच. अहो, बंजारा लोक आईला याडी म्हणतात! बाजारात रोज ऐकलेला शब्द. इंग्रजीत द आणि ड एकच, म्हणून कागदावर ओळखता आला नव्हता. पोरीला आत बोलावून स्क्रीन न दाखवता विचारलं, “फाईलमध्ये आकड्यांशिवाय काय लिहितेस?”

ती चक्क लाजली. “लोकं पानावर श्री लिहितेत नं साहेब, तसं मी खाली याडी लिहितो.”

फिर्यादीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. थोडा वेळ इकडचं तिकडचं सांगून पाहिलं, मग कबूल झाला. तिने ट्यून केलेली एक पिकअप त्याच्याकडे दुरुस्तीला आली होती. त्याने त्या गाडीतली फाईल काढून घेतली आणि स्वतःची म्हणून विकू लागला. गिऱ्हाइकं तरीही महागावला तिच्याकडेच जायची, म्हणून पोरीलाच चोर ठरवायला निघाला. आता फिर्यादी ती झाली आणि आरोपी तो. सील काढायला मी स्वतः गेलो. शटर वर गेलं तसं त्या पोरीचं इतका वेळ दाबलेलं रडू फुटलं, आणि माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

आईला मात्र वेगळाच राग. “इंजिनात मले कायले टाकलं वं?”

“घाटात गाडी अडली का सगळे ‘याडी, याडी’ करत तुलेच तर बोलवतेत!” पोरगी डोळे पुसत म्हणाली. आमचे शिपाईसुद्धा हसले.

त्या दिवसापासून मालकीचा वाद आला की ‘हे तुझं आहे का’ असं मी विचारलं नाही. ‘हे करताना काय काय बिघडलं’ असं विचारू लागलो. ज्याने काम केलेलं असतं तो धूर, मामाची गाडी, मामीचा अबोला, सगळं सांगतो. चोराला फक्त एवढंच सांगता येतं, की ते त्याचं आहे.