पांढरी पाच

अण्णांवर मी अजून चिडलेलीच आहे, आणि काल सकाळी अण्णा गेले.

आता भांडायचं कुणाशी?

अण्णा म्हणजे माझे गाण्याचे सर. मूळचे बेळगावकडचे, पण सगळी नोकरी आणि संसार जयनगरात. मी पुण्याहून इथे आले, तेव्हा मारतहळ्ळीचं ऑफिस सोडून आयुष्यात आणखी काहीतरी असावं म्हणून क्लास लावला. शनिवार, सकाळी साडेसात.

पहिल्या दिवशी गाणं नाहीच. समोर तानपुरा, तबला, टाळ आणि पेटी.

"आवाज कशातनं येतोय, सांग."

तार. कातडं. धातू. पेटीला मी ठसक्यात म्हणाले, "कीज!"

"मग भाता न हलवता वाजव की."

वाजते कसली! पेटी बासरीच्या घरातली, हवेवर जगणारी. मी इंजिनिअर, आणि मला एवढंही माहीत नव्हतं.

मग सहा महिने सा. फार तर सा रे ग म वर-खाली, हातावर टाळी देत मात्रा मोजायच्या.

एकदा ते कॉफी आणायला आत गेले, तेव्हा मी पेटीवर स्टिकर लावले. पेटी शिकवणाऱ्या अ‍ॅपमध्ये असतात तसे. पहिल्या पांढरीवर सा, पुढे रे, ग.

अण्णांनी कप खाली ठेवला आणि नखाने एकेक खरवडून काढला.

"सा तिथं चिकटवलेला नसतो गं. तुझा गळा जिथं सुखानं बसतो, तो तुझा सा. तुझी पट्टी पांढरी पाच, ही पाचवी पांढरी."

"अण्णा, सहा महिन्यांत आमचा अख्खा प्रोजेक्ट लाइव्ह जातो!"

"मग तिथंच जा की."

मी उठून गेले. क्लास बंद.

घरच्या पेटीवर हट्टाने तेच स्टिकर लावले.

आठवड्याने त्यांचा मेसेज. "शनिवारी ये की. तुझी पट्टी लावून ठेवतो."

वाचला. उत्तर दिलं नाही. म्हटलं, आधी सॉरी म्हणू देत. पाच महिने हा माज.

काल त्यांच्या घरी गेले. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, जवळ बसवून घेतलं. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याकडे बोट केलं.

"दर शनिवारी साडेसातला तुझ्या पट्टीत लावून बसायचे बघ. मी म्हणायची, ती काय येत नाही आता. तर म्हणायचे, स्वल्प थांब, ट्रॅफिक असेल. साडेआठला बंद करायचे."

शनिवारी सकाळी, जे. पी. नगरच्या माझ्या घरून शेजारच्या जयनगरला, कसलं ट्रॅफिक हो अण्णा?

आज स्टिकर काढले. पांढरी पाच मोजून शोधली. सा लावला.

बरोबर लागला की नाही, आता कोण सांगणार?

श्रद्धांजली वगैरे मला लिहिता येत नाही. सॉरी मीच म्हणायला हवं होतं, ते म्हणते.

शनिवारी साडेसातला बसेन.

येते, अण्णा.