आजारी पोळकराचं काय होतं

गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली, शाळेच्या जिन्यात मधमाश्यांनी घर केलं की लोक ज्याला फोन करत, त्याला सगळी वस्ती पोळेवाला म्हणायची. त्याचं खरं नाव बायकोलाही धड आठवत नसावं, कारण ती त्याला जन्मभर नुसतं 'अहो' म्हणत आली होती. धुराचा डबा, लांब दांड्याची सुरी, जाळीची टोपी आणि झाकणाची पेटी, एवढ्यावर त्याचा संसार चालायचा. लोकांना माश्या मारून हव्या असत. तो मारायचा नाही. धुराने त्यांना सुस्त करायचा, राणी हेरून पेटीत घ्यायचा आणि बाकीच्या मागोमाग आत शिरेपर्यंत बिडी ओढत बसायचा. मानेवर डंखांचे वण होते आणि बोलण्यात बढाई एवढी, की माश्या जणू त्याच्या सासरच्या.

घरात त्याचे थोरले भाऊ होते. ते शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. लग्न केलं नव्हतं. स्वभाव तिखट, नाकावर माशी बसू देत नसत. एक दिवस वर्गात त्यांच्या हातातून खडू गळून पडला. पोरं हसली, मास्तरही हसले. मग खडू रोजच पडायला लागला. नंतर पाय गेले, हात गेले, आणि आता खिडकीजवळच्या पलंगावर मानेखालचं सगळं अंग परक्याचं असल्यासारखं पडून असायचं. डोकं मात्र पहिल्यासारखंच चालत होतं, आणि याचंच पोळेवाल्याला फार वाईट वाटायचं.

पडल्यापडल्या मास्तरांनी एक खेळ काढला होता. कुठल्यातरी दूरच्या ग्रहावर पोळ्यात राहणारे जीव आहेत, असं धरून चालायचं आणि ते कसे असतील ते दोघांनी मिळून ठरवायचं. नियम एकच. कुठलीही गोष्ट मनाला आली म्हणून घ्यायची नाही, ती का टिकली याचं कारण द्यायचं. त्या जिवांना त्यांनी नाव दिलं पोळकर. आडनाव असलं की प्राणी घरचा वाटतो, असं मास्तरांचं म्हणणं.

संध्याकाळी कामावरून आला की पोळेवाला हातपाय धुऊन पलंगाशी बसायचा. बायको मऊ भात आणून द्यायची, तो भावाला चमच्याने भरवायचा आणि तोंडाने पोळकरांचा संसार मांडायचा. पोळकर मांजराएवढे. डोळे नाहीत, कारण त्यांचा ग्रह अंधारा. त्यांना गुडघ्यांनी ऐकू येतं, जमिनीची थरथर गुडघ्यात पोचते म्हणून. आधी हे जीव कड्याच्या कपारीत एकेकटे राहायचे. मग थंडी वाढली. जे एकमेकांना बिलगून बसले ते वाचले, एकेकटे गेले. बिलगलेल्यांतही बाहेरच्या थरातले गोठायचे आणि आतल्यांना पिल्लं व्हायची. बाहेरचे आतल्यांचेच भाऊबहीण, त्यामुळे ते मेले तरी वंश चालू राहायचा. असं पिढ्यान् पिढ्या चाललं आणि बाहेरच्यांची पिल्लं घालायची ताकदच गेली. पोळं आधी झालं नाही, आधी थंडी झाली, असं मास्तर म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा पूर्वी वर्गात खुलायचा तसा खुलला होता.

या खेळात पोळेवाल्याची डाळ कधी शिजायची नाही. त्याने पोळकरांना पंख दिले तर मास्तर विचारायचे, एवढ्या वाऱ्यात पंख हवेत कशाला. त्याने विष दिलं तर विचारायचे, चावायचं कोणाला. तो चिडायचा, बायको हसायची, भात संपायचा.

एका संध्याकाळी तो जुनं पोळं काढून आला होता. बोलता बोलता म्हणाला की मधमाशी आजारी पडली की पोळ्यात राहत नाही. कोणी तिला हाकलत नाही, तीच आपली सरपटत दारापर्यंत येते आणि बाहेर जाऊन मरते. बाकीच्यांना रोग लागू नये म्हणून. आपण हे किती वेळा पाहिलंय, हेही त्याने ठसक्यात सांगून टाकलं. मास्तरांनी मान त्याच्याकडे वळवली. मग जड जिभेने त्यांनी विचारलं, पोळकरांतही असंच असेल का. पहिल्यांदाच भाऊ आपल्याला विचारतोय, आपलं ऐकतोय, याने पोळेवाल्याला इतका आनंद झाला की पुढचामागचा विचार न करता तो म्हणाला, "असणारच की. ज्या पोळ्यात आजारी बसून राहतो ते पोळं टिकेलच कसं?"

"बरोबर," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून चमचा जवळ आला की ते मान फिरवायला लागले. हलत होती ती मानच, तिचा त्यांनी एवढाच उपयोग ठेवला. पोळेवाल्याला वाटलं, भूक नसेल. बायकोच्या मात्र तेव्हाच लक्षात आलं. तिने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात, पण स्पष्ट सांगितलं, "तुम्ही काल त्यांना बाहेरचा रस्ता दाखवलात. आता तुम्हीच आणा परत."

एवढ्या माश्या हाताळल्या, पण असा डंख पोळेवाल्याला कधी बसला नव्हता.

मग त्याने जीव तोडून कारणं शोधायला सुरुवात केली. शिडीवर, धुरात, रस्त्याने चालताना, सतत तेच. आजारी पोळकराला बाहेरच्या थरात ठेवतात, त्याने वारा अडतो, असं त्याने एक दिवस मांडलं. वारा मेलेल्यानेही अडतो, असं उत्तर आलं. म्हाताऱ्या, आजारी पोळकराला पूर्वीची अन्नाची ठिकाणं आठवतात, हे त्याला फार बिनतोड वाटलं होतं. मास्तरांनी ओठ हलवून, मोठ्या कष्टाने एकेक शब्द बाहेर काढला. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या आठवणीचा पोळ्याला काय उपयोग?

डॉक्टर घरी येऊन गेले. पोटात नळी घालायची तर तेवढा श्वास मास्तरांच्या छातीत उरलेला नाही, म्हणाले. आता जे काही जाईल ते तोंडानेच, आणि गिळायची सवय मोडली तर या आजारात ती परत येत नाही. हे ते पलंगाशी उभं राहूनच बोलले. मास्तरांनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. बायको जबरदस्तीने चार थेंब पाणी तेवढं ओठांतून सोडत राहिली.

शेवटी एका दुपारी पोळेवाला काम अर्धवट टाकून घरी आला. टोपीही काढली नाही. जाळी चेहऱ्यावर तशीच ठेवून पलंगाच्या कडेला बसला, कदाचित रडलेलं दिसू नये म्हणून.

"दादा, माझं चुकलं होतं," तो म्हणाला. "पोळकरांत आजारी स्वतः जात नाही. बाकीच्यांनी ओढून टाकला तरच जातो. आणि ओढायला कोणी तयार होत नाही."

मास्तरांच्या ओठांची हालचाल झाली. "का... टिकलं?"

"नाही टिकलं. सगळं पोळं संपलं. एका आजाऱ्यापायी सगळे उपाशी, सगळे गोठून मेले. मला कारण सापडत नाही दादा, मी हरलो. संपू दे पोळं. पण तू जेव."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. जन्मभर ज्यांनी एकाही पोराला चुकीच्या उत्तराचा अर्धा गुण दिला नव्हता, त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. मग त्यांनी तोंड उघडलं.

बायको धावत भात घेऊन आली. पोळेवाल्याने टोपी भिरकावली, चमचा फुंकून गार केला आणि आत सोडला. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. गळ्याच्या शिरा ताणल्या. भात जिभेवरून पुढे सरकेना. त्यांनी पुन्हा जोर लावला, तसा जीवघेणा ठसका लागला आणि भात हनुवटीवरून उशीवर आला. पोळेवाल्याने पुसलं, थोडं थांबून आणखी पातळ, आणखी लहान घास दिला. तोही तसाच बाहेर आला.

गिळणं गेलं होतं. मास्तरांना ते कळलं, पोळेवाल्यालाही कळलं. पण त्यानंतर जितके दिवस ते राहिले, तितके दिवस भाऊ चमचा घेऊन आला की ते तोंड उघडत राहिले.