अकरावा चेहरा

साक्रीकडच्या डोंगरात पुनाआबांनी जन्मभर मेलेल्यांच्या नावाचे दगड घडवले. बापाने घालून दिलेली रीत एकच. चेहरा आधी, डोळे शेवटी. आणि डोळ्याला छिन्नी लावायची ती मेलेल्याच्या घरच्या माणसाने नाव घेऊन हाक मारल्यावरच. घडवणाऱ्याने हाक मारायची नाही. बिनहाकेचा डोळा उघडला तर त्यातून कोण बघेल, सांगता येत नाही.

यंदा गावाने मोठं काम दिलं. आबांच्या पणजोबाच्या काळी गोऱ्या साहेबाच्या फौजेने पाडा जाळला, माणसं मारली, उरलेली रानोमाळ पांगली. त्यांच्यासाठी चौकात शिळा उभी करायची होती. आबांनी अकरा चेहरे कोरले आणि थांबले. अकरा मेले एवढंच ठाऊक, नावं कुणालाच ठाऊक नव्हती. दोन महिने ती मिटल्या डोळ्यांची तोंडं अंगणात पडून होती. त्यांची बायको पुष्पाबाई तिन्हीसांजेला शिळेवर लुगडं टाकायची. म्हणायची, "यांच्यापुढे घास उतरत नही."

मग गुजरातेतून लिलाबाई आल्या. पळालेल्यांच्या वंशातल्या. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या घरी पितरांच्या घागरीपुढे ती नावं घेत, म्हणून टिकली होती. त्या हाका मारत गेल्या, आबा डोळे उघडत गेले. दहा झाले.

"दहा आमच्या कुळाचे. अकरावा तुमचा," लिलाबाई म्हणाल्या. "तुमच्या आज्याचा थोरला भाऊ. पुना."

आबांची छिन्नी थांबली. आपलं नाव कुणावरून ठेवलं, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं.

आबा घडवणारे, त्यांना हाक मारता येत नव्हती; घरचं दुसरं माणूस एकच. आणि पुष्पाबाईने चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

"उखाण्यात तरी घेतलं असशील," लिलाबाई म्हणाल्या.

"उखाण्यातबी धनीच म्हटलं, अक्का."

पुष्पाबाई उठली. मग कुलदेवीला हात जोडले, डोक्यावर पदर घेतला. आबांना म्हणाली, "ते दगडाचं नाव शे. तुम्ही ओ देऊ नका बरं."

आबांनी मान हलवली, छिन्नी टेकवली.

"पुना," ती हळूच म्हणाली. पलीकडच्या खोलीतल्या कुणाला हाक मारावी तशी.

"ओ," आबांच्या तोंडून निसटलं. तोवर हातोडी पडली होती.

शिळा चौकात उभी राहिली. दहा चेहरे जळालेल्या डोंगराकडे बघतात. अकरावा आबांच्या दाराकडे. पुष्पाबाई रोज एक भाकर आधी त्याच्या नावाने बाजूला काढते.

आणि बाहेरून कुणी हाक मारली, तर आबा आताशा पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. थांबतात. दुसरं कुणी देतं का, ते ऐकतात.