केसरबाईची स्वारी

केसरबाईनं नवऱ्याचं नाव घेतलेलं बिडकीनच्या आसपासच्या पाच गावांत कुणी ऐकलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा बायांनी दार अडवलं, नाव घे म्हणाल्या. ही उंबऱ्याबाहेर फतकल मारून बसली ती दिवे लागेपर्यंत. शेवटी सासूच कावली. "येऊ द्या गं आत. मुकी तर मुकी. भाकरी तर थापल."

मुकी कशाची! तोंडाची फटकळ होती. पण नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या आईनं तिला चुलीपुढं बसवून सांगितलं होतं, अन् केसरबाईनं ते गाठीला बांधलं होतं.

मग नवऱ्याला म्हणायचं काय? तो शब्द सासूनं दिला. नवरा रामकिसन कापडाचा फिरता धंदा करायचा. शहरातल्या गुलमंडीतून तागे घ्यायचे, राजदूत गाडीला मागं गठ्ठे आवळायचे अन् पार कन्नडपर्यंतचे बाजार मारायचे. गाडीचा सायलेन्सर फुटका. गल्लीच्या तोंडाशी ती फडफडली की कोंबड्या पत्र्यावर चढायच्या, म्हैस दाव्याला हिसडे द्यायची, अन् सासू सूप टाकून उठायची. "आली बया स्वारी. पळा आता." फौज चालून यावी तसाच तो यायचा. गाडी अंगणात बंद करायचा, उंबऱ्यापाशी दोनदा खाकरायचा, म्हंजे आतल्या बायांनी पदर सावरावा, अन् मग आत.

तेव्हापासून केसरबाईचा नवरा म्हणजे 'स्वारी'. "स्वारी जेवली का?" "स्वारीचं डोकं दुखतंय." गावाला त्यात काही नवल नव्हतं. रांगतं पोरगं उंबऱ्याकडं निघालं तरी गाव विचारायचं, स्वारी कुठं निघाली? नवा शर्ट घालून कुणी पारावर आला की, आज स्वारी खुशीत हाय. मोहरमात पिराची सवारी उठायची, ताशे वाजायचे, तेव्हा केसरबाई बाकी बायांसंगं वाटंवर घागर रिकामी करायची. स्वारी काय अन् सवारी काय, तिला एकच. चालून आलेल्याला पाणी द्यायचं, एवढं तिला ठावं होतं.

आठ वर्षांमागं एका शुक्रवारी रामकिसन सकाळी गुलमंडीला गेला. फोन घरीच चार्जिंगला राहिला. दुकानदार म्हणाला, तागे घेऊन दुपारीच निघाले की. पुढं ना माणूस सापडला, ना गाडी, ना कापडाची एक चिंधी. पोलिसांत तक्रार झाली. कॅनॉल धुंडाळला, विहिरींत गळ टाकले. शहरात राहणारा पोरगा गोकुळ कंपनीत सुट्ट्या टाकून महिनाभर हिंडला.

चौदाव्या दिवशी, दुपारी चारला, गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला. अंगणात येऊन बंद पडला. केसरबाई धावत बाहेर आली. अंगणात ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. म्हशीनं मात्र कान टवकारले होते अन् ती नसलेल्या गाडीकडं बघत होती.

केसरबाईनं तांब्याभर पाणी आणून ओट्यावर ठेवलं. संध्याकाळी तांब्या निम्मा झालेला.

त्या दिवसापासून रोज. शेजारीण भामाबाई तोंडात तंबाखू धरून विचारायची, "आली का तुपली स्वारी?"

"आली की."

"मग आमाला काहून आयकू येत नाय?"

"तुपल्याकडं काहून येईल ती?"

भामाबाई हसायची, पण चारच्या सुमाराला कधी केसरबाईच्या ओट्यावर टेकायची नाही.

अशी सात वर्षं गेली. एक गोष्ट केसरबाईनं कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे असं तिला वाटलंच नव्हतं. घर कोंदट होत चाललं होतं. आधी माजघर. तिथं निजलं की कोऱ्या मांजरपाट कापडाचा अन् पेट्रोलचा वास यायचा, अन् भरलेल्या एसटीत उभं राहावं तसा जीव गुदमरायचा. तिनं अंथरूण वसरीत आणलं. मग सैपाकघर. शेवटी चूलही वसरीत मांडली. भामाबाई म्हणाली, "येवढं तीन खणांचं घर, अन् तू कुत्र्यावानी दारात?"

"आत दाटी होती," केसरबाई म्हणाली अन् आपण काय बोललो ते तिच्याही ध्यानात आलं नाही.

गोकुळला हे जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं. पण घर बापाच्या नावावर, अन् बाप ना जिवंत ना मेलेला. वकिलानं सांगितलं होतं, सात वर्षं माणसाची खबर नसली तर कोर्ट त्याला मयत ठरवतं. आईनं फक्त शपथेवर सांगायचं की ते आले नाहीत. गोकुळनं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा केसरबाई म्हणाली, "रोज येतेत त्ये. खोटं काहून बोलू? अन् नाव घ्यायला लावतेन तिथं. मी नाय यायची."

दिवाळीत गोकुळची पोरगी सोनिया आजीकडं राहायला आली. बी.ए.ला होती, इतिहास घेऊन. ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेली. चार वाजले. तिनं मान वर न करताच विचारलं, "आजी, कोण आलं गं गाडीवर?"

केसरबाईच्या हातातलं पीठ परातीत पडलं. "तुला आयकू आलं?"

"एवढा मोठा आवाज." सोनियानं अंगणात बघितलं. मग बराच वेळ बघत राहिली. "कुठंय गाडी?"

"स्वारी हाय ती. तुपला आज्जा." केसरबाई तांब्या घेऊन आली. नातीला आपल्यासारखं ऐकू येतं, याचाच तिला आनंद झाला होता. "तुपल्या पुस्तकात बी स्वारीच लिव्हलंय ना? मघाशी वाचत व्हतीस."

"ती वेगळी. दिल्लीची फौज देवगिरीवर आली ती. स्वारी म्हंजे दुसऱ्याच्या मुलखावर चालून जाणं."

"अन् मग?"

"पहिल्यांदा आले ते लुटून माघारी गेले. नंतर आले ते गेलेच नाहीत. राहिले." सोनिया बोलता बोलता थांबली. तिची नजर अंगणावरून दाराकडं सरकली. "आजी, आज्जा येताना आवाज येतो. जातानाचा कधी येतो?"

केसरबाईनं तांब्या ओट्यावर ठेवला अन् तीही दाराकडं बघायला लागली.

पुढचे पंधरा दिवस ती कान लावून बसली. चारला आवाज यायचा, अंगणात बंद व्हायचा. ती पाच वाजेपर्यंत बसली. दिवे लागेपर्यंत बसली. पहाटे उठून बसली. जायचा आवाज नव्हता. सात वर्षांत एकदाही आला नव्हता. रोज एक येणं, अन् जाणं नाही. जो गेलाच नाही तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो कसा?

सोळाव्या दिवशी तिनं गोकुळला फोन लावला. "यीन मी कोर्टात. नाव बी घीन."

तारीख पडायला चार-सहा महिने गेले. गोकुळ न्यायला आला तेव्हा केसरबाई वसरीतून उठून अंगणात निजायला लागली होती. तिनं दाराला कुलूप घातलं अन् चावी कमरेला खोचली. सोनिया शहरात स्टँडवर भेटली. तिघं शेअर रिक्षात बसले. रिक्षावाला "एक सवारी, एक सवारी" ओरडत होता. सोनिया बसली तसा तो ओरडायचा थांबला अन् गाडी काढली. "चलो, चार हो गए, भर गई."

"तीनच हायेत भाऊ," गोकुळ म्हणाला.

रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. एकदा, पुन्हा एकदा. "हौ, तीनच," म्हणाला, अन् कोर्टापर्यंत त्यानं दुसरं कुणी घेतलं नाही. केसरबाई सगळी वाट अंग चोरून बसली होती. शेजारी जागा होती, पण तिला सरकता येत नव्हतं.

कोर्टात साहेबांनी विचारलं, "आजी, पतीचं नाव?"

गोकुळ सांगायला गेला. साहेब म्हणाले, "त्यांनाच सांगू द्या."

केसरबाईनं पदर डोक्यावर ओढला. सदुसष्ट वर्षांची बाई, पण नव्या नवरीसारखी घामेजली. "रामकिसन," ती म्हणाली. तोंडातून दात पडावा तसा शब्द बाहेर पडला.

"सात वर्षांत ते घरी आले होते?"

तिनं कमरेची चावी चाचपली. वकिलानं गोकुळकडं बघितलं.

"रामकिसन नाय आले साहेब," केसरबाई म्हणाली.

गावाच्या फाट्यावर उतरले तेव्हा पावणेचार झाले होते. गोकुळ अन् सोनिया दूध अन् साखर घ्यायला दुकानावर थांबले. केसरबाई एकटीच पुढं आली. दाराचं कुलूप सकाळी घातलं होतं तसंच होतं. म्हैस गोठ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी होती.

चार वाजले. गल्लीच्या तोंडाशी सायलेन्सर फडफडला. आवाज अंगणात आला अन् बंद पडला. केसरबाईनं तांब्या उचलला नाही. रिकाम्या अंगणाकडं तोंड करून, जन्मात पहिल्यांदा त्या अंगणात, ती मोठ्यानं म्हणाली, "रामकिसन! तुमीच हाव का?"

अंगणातून काही आलं नाही. आपल्या नावाला माणूस ओ देतो, निदान मान तरी वळवतो. इथं कुणाला ते नाव ठाऊकच नसावं, अशी शांतता होती. सात-आठ वर्षं ती पाणी कुणाला पाजत होती?

"मग कोन रं तू?" केसरबाई म्हणाली.

तिच्या पाठीमागं, कुलूप लावलेल्या दाराच्या आत, कुणीतरी दोनदा खाकरलं.

मग माजघरातून, दोनदा. मग सैपाकघरातून. मग माळ्यावरून. मग पुन्हा माजघरातून, आता तिघा-चौघांचं एकदमच. एकमेकाला सांगत सांगत पुढं जावं तसं ते खाकरणं घरभर गेलं अन् हळूहळू निवलं.

केसरबाईनं कुलूप ओढून बघितलं. पक्कं होतं. मग ती मागं सरकत सरकत धुण्याच्या दगडापर्यंत आली अन् दाराकडं तोंड करून बसली.

गोकुळ अन् सोनिया आले. "आई, कुलूप काढ की. चहा टाकू."

"पाड," केसरबाई म्हणाली.

"काय?"

"घर पाड. तुला पाडायचं व्हतं ना? उद्याच जेसीबी आन."

"आणू की. पन आधी आत तर चल."

केसरबाईनं कमरेची चावी मुठीत घट्ट धरली. "आत जागा नाय, गोकुळ. भरलंय."

सोनियानं बापाचा हात धरला अन् त्याला दोन पावलं मागं ओढलं. गोकुळ हसायला गेला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी, एकाच दिवसात दुसऱ्यांदा, फुटका सायलेन्सर फडफडला.

या वेळी गोकुळनंही वळून बघितलं.